सात नव्वे त्रेसष्ट पटकन येतं, सिक्स्टी थ्री म्हटलं की अडतं

आपल्या गोव्यातल्या वाळपईहून एका आईचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात देते.

"बाई, नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत गावच्या मराठी प्राथमिक शाळेत होती, तेव्हा वीसपर्यंत पाढे घडाघडा म्हणायची. पाचवीपासून इंग्लिश हायस्कूल. आता अठ्ठेचाळीस भागिले सहा करायला पण मोबाईल हातात घेते. आमचं किराणा दुकान आहे, मिस्टर म्हणतात मोबाईल काढून घे, आपोआप येईल. ट्यूशनची टीचर म्हणते आता सगळं जग कॅल्क्युलेटरवर चालतं, वापरू दे, वेळ वाचतो. सासरे रोज संध्याकाळी पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, म्हणून दाखवतात आणि ती उठून आत जाते. तिला पुढे सायन्स घ्यायचंय, इंजिनियर व्हायचंय म्हणते. घरात तिघांची तीन मतं, मी कुणाचं ऐकू?"

ताई, कुणाचं ऐकायचं ते नंतर बघू, आधी आज रात्री जेवणं झाली की एक गोष्ट करा. तिच्याजवळ बसा, परीक्षा घेतल्यासारखं नको, सहज, आणि मराठीत विचारा, सात नव्वे किती. मग जरा इकडच्या तिकडच्या गोष्टी होऊ देत आणि पाच-दहा मिनिटांनी इंग्लिशमध्ये विचारा, सेव्हन नाइन्झा किती. मला जवळजवळ खात्री आहे की पहिल्याला "त्रेसष्ट" तिथल्या तिथे येईल आणि दुसऱ्याला ती थबकेल, डोळे वर करेल, ओठ हलतील आणि मग उत्तर येईल. तो मधला थांबलेला क्षण नीट बघा, कारण तुमच्या पत्रातला सगळा प्रश्न तिथेच बसलेला आहे.

मी फोंड्याच्या बाजूला बत्तीस वर्षं गणित शिकवलं, आधी हायस्कूलात आणि मग हायर सेकंडरीत, आणि पाचवीच्या वर्गात दर वर्षी हे बघितलंय. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा मराठीतून नाहीतर कोंकणीतून आणि पाचवीत पाय ठेवला की सगळं इंग्लिश, एका सुट्टीत मुलाची भाषा बदलते, आणि विज्ञान-इतिहासाची काळजी सगळे करतात पण गणिताबद्दल म्हणतात की आकडे काय, आकडे सगळीकडे सारखेच. लिहिलेले आकडे सारखे असतात हो, बोललेले नसतात. त्रेसष्ट म्हणताना आपण आधी तीन म्हणतो मग साठ, आणि सिक्स्टी थ्री म्हणताना आधी साठ येतात मग तीन. दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात चार वर्षं एक दिशा बसलेली असते आणि एकदम उलट फिरायला सांगतात. माझ्या वर्गात एक मुलगी होती, पहिल्या बाकावर बसायची, टीचर "सिक्स्टी थ्री" म्हणाली की ही छत्तीस लिहायची आणि मग स्वतःच खोडायची, वहीच्या पानाला भोक पडेपर्यंत खोडायची. तिला पाढे येत नव्हते का, तर उत्तम येत होते, मराठीत विचारलं की सगळ्यात आधी हात तिचा वर. पण वर्गात मराठीत विचारतो कोण. ती मनातल्या मनात त्रेसष्ट काढणार, त्याचं सिक्स्टी थ्री करणार, तोंड उघडणार, तोपर्यंत इंग्लिश प्रायमरीतून आलेल्या मुलाने उत्तर देऊन टाकलेलं असतं आणि टीचर पुढच्या गणितावर गेलेली असते. असं महिनाभर झालं की मूल स्वतःबद्दल ठरवून टाकतं, मला गणित येत नाही.

आणि मग हातात कॅल्क्युलेटर येतो. त्याला भाषा नसते ना, तो त्रेसष्ट पण म्हणत नाही आणि सिक्स्टी थ्री पण म्हणत नाही, नुसते ६ आणि ३ दाखवतो, बघून उतरवायचं. तुमच्या मुलीला तो आळसापेक्षा आधार म्हणून जास्त लागतोय असं मला वाटतं, आणि म्हणून मिस्टरांचा उपाय मला पटत नाही. मोबाईल काढून घेतला तर ती बोटं मोजेल, नाहीतर शेजारणीच्या वहीतून उतरवेल, पाढे काही परत येणार नाहीत कारण पाढे गेलेलेच नाहीत, आत आहेत, त्यांचा दरवाजा तेवढा बंद झालाय.

तर पहिलं काम, तिला सांगा की मनात मराठीत हिशोब केला तरी चालतो. स्पष्ट शब्दांत सांगा, कारण पुष्कळ मुलांना खरंच वाटतं की इंग्लिश शाळेत मराठीतून विचार करणं ही चूक आहे. पेपर तपासणारा वहीतले आकडे बघतो, डोक्यात कुठली भाषा चालली होती ते कुणी बघत नाही. आठ सक अठ्ठेचाळीस मनात म्हणायचं आणि कागदावर ४८ लिहायचं, बस्स, मधलं फोर्टी एट गाळून टाकायचं. वर्गात मोठ्याने सांगायची वेळ आली तरच इंग्लिश, आणि त्यासाठी घरी रोज पाच मिनिटं खेळा, तुम्ही मराठीत आकडा सांगायचा तिने इंग्लिशमध्ये, मग उलट, त्रेपन्न, एकोणसत्तर, अठ्ठ्याऐंशी असे मुद्दाम अडखळणारे आकडे घ्यायचे. पंधरा-वीस दिवसांत फरक दिसतो, मी पुष्कळ मुलांकडून करून घेतलंय.

आणि मराठी आकड्यांत एक वरकमाई आहे, ती तिला दाखवा. एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास, ह्यातलं "एकोण" म्हणजे एक उणे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. मग २९ गुणिले ७ आलं की शब्दच सांगतोय काय करायचं ते, तीस साते दोनशे दहा, त्यातून सात उणे, दोनशे तीन. ट्वेंटी नाइन म्हणताना ही वाट दिसत नाही, मराठीत ती शब्दातच लिहून ठेवलेली आहे. ही एक गोष्ट कळली आणि आठवीतल्या एका मुलाचा चेहरा जो बदलला तो मला अजून आठवतो, त्या दिवशी त्याने घरी जाऊन एकोणनव्वदपर्यंत सगळे करून आणले होते, कुणी सांगितलं नव्हतं.

आता दुकान. घरात किराणा दुकान असताना ट्यूशनला पैसे का घालायचे असा प्रश्न मी विचारणार नाही, पण शनिवार-रविवार एक तास तिला गल्ल्याजवळ बसवा आणि मिस्टरांना सांगा की बिल तिने तोंडी करायचं आणि त्यांनी मशीनवर तपासायचं. आधी अंदाज, मग तोंडी, मग मशीन, हा क्रम मोडू द्यायचा नाही. अंदाज म्हणजे नुसतं "दोनशेच्या आसपास होईल" एवढं म्हटलं तरी पुरे, पण बटण दाबायच्या आधी म्हणायचं.

हा अंदाज का लागतो ते तिला सांगून पटणार नाही, करून दाखवा. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर घ्या आणि तिचा मोबाईल घ्या, दोन्ही शेजारी ठेवा. समजा गिऱ्हाइकाने चाळीस रुपयेवाले तीन नारळ घेतले आणि पंचेचाळीस रुपये किलोने दोन किलो साखर. दोन्हीवर तीच बटणं त्याच क्रमाने दाबायची, ३ गुणिले ४० अधिक २ गुणिले ४५ आणि बरोबर. मोबाईल सांगेल २१०. दुकानातलं मशीन सांगेल ५४९०. तीन नारळ आणि दोन किलो साखर, पाच हजार चारशे नव्वद रुपये! मशीन बिघडलेलं नाही, ते साधं मशीन जसं जसं दाबाल तसं तसं करत जातं, एकशेवीस झाले, त्यात दोन मिळवले, एकशेबावीस झाले, त्याला पंचेचाळीसने गुणलं. मोबाईलला गुणाकार आधी बेरीज मागून हा नियम शिकवलेला असतो, साध्या मशीनला नसतो. तुमचे मिस्टर ह्यात कधी फसत नसतील कारण दुकानदार नारळाचे एकशेवीस एम प्लसमध्ये, म्हणजे मशीनच्या लक्षात, टाकतो, साखरेचे नव्वद एम प्लसमध्ये टाकतो आणि शेवटी बेरीज बघायला एमआरसी दाबतो, त्यांना विचारा, ते हसत हसत दाखवतील. टक्क्याच्या बटणाचं पण तसंच, १०० अधिक १० टक्के दाबलं तर मोबाईल ११० दाखवतो आणि काही मशीनं १११.११ दाखवतात, कारण ती विकायच्या किमतीवर दहा टक्के नफा धरतात. तर लेकीला विचारा, दोन मशीनं दोन उत्तरं देतात तेव्हा खरं कुठलं ते कोण ठरवणार? ती स्वतःच म्हणेल की नारळ-साखरेचे पाच हजार होणार नाहीत. हे म्हणता येणं म्हणजेच गणित येणं, आणि हे तिला आत्ता पण येतं, फक्त वहीतल्या गणिताला ती हे विचारत नाही.

ट्यूशनच्या टीचरचं म्हणणं पण मी उडवून लावणार नाही, तिच्याकडे अर्धी गोष्ट बरोबर आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये हेंब्री आणि डेसार्ट ह्या दोघांनी कॅल्क्युलेटरवरचे ७९ अभ्यास एकत्र करून बघितले, आणि नेहमीचं शिकवणं चालू ठेवून सोबत कॅल्क्युलेटर दिला तर साधारण मुलांचं हाताने करायचं गणित बिघडत नाही, उलट थोडं सुधारतं असं त्यांना दिसलं. पण एक इयत्ता त्याला अपवाद निघाली, चौथी. तिथे सतत वापरला तर मूळ आकडेमोडीला धक्का बसताना दिसला. मला ह्याचं नवल वाटत नाही, ज्या वयात पाढे आणि भागाकार अंगात मुरायचे त्या वयात मशीन मध्ये आलं की मुरायचं राहून जातं, नंतर आलं तर मदत करतं. देशांनी पण वेगवेगळं ठरवलंय. इंग्लंडने २०१४ पासून अकरा वर्षांच्या मुलांच्या गणिताच्या राष्ट्रीय परीक्षेतून कॅल्क्युलेटर काढून टाकला, आणि सिंगापूरने २००९ पासून प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेत तो आणला पण फक्त दुसऱ्या पेपरला, पहिला पेपर हातानेच. मला सिंगापूरचं जास्त आवडतं, कारण मुलाला कळतं की दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही यायला हव्यात.

पण टीचर जे म्हणते की सगळं जग कॅल्क्युलेटरवर चालतं, ते तुमच्या मुलीच्या पुढच्या चार वर्षांबद्दल खरं नाही. तिला इंजिनियरिंगला जायचंय ना, मग जेईई मेन आहे, आणि जेईई मेनला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल पण नाही, नुसती पेन आणि रफ पेपर. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला पण तेच. आणि तिथे केमिस्ट्रीत, फिजिक्समध्ये दशांश चिन्हाची कितीतरी गणितं येतात, ०.०८२ गुणिले ३०० असलं काहीतरी, ते हाताने पटकन जमलं पाहिजे. इंजिनियरिंग झाल्यावर गेट ही पुढच्या शिक्षणाची परीक्षा दिली तर तिथे स्क्रीनवरच सायंटिफिक कॅल्क्युलेटर देतात, म्हणजे बघा, दार उघडतं ते हाताच्या गणिताने आणि मशीन आत गेल्यावर मिळतं. बारावीत पोचल्यावर हे कळून रडलेली मुलं मी बघितलीत, फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढावर रोज इंजिनियरिंगची कॉलेजं बघत मोठी झालेली, हुशार मुलं, कन्सेप्ट सगळे पक्के आणि तीन तासांच्या पेपरात अर्धा वेळ साध्या भागाकारांत गेलेला. नववीत आहे ती, आत्ता सुरुवात केली तर भरपूर वेळ आहे.

मग कॅल्क्युलेटर कधी द्यायचा? माझं मत असं की जिथे गणिताचा मुद्दा आकडेमोडीपलीकडे आहे तिथे खुशाल द्या. चक्रवाढ व्याज घ्या. दहा हजार रुपये, आठ टक्क्यांनी, पाच वर्षं. एक वर्ष, दोन वर्षं हाताने करायला लावा म्हणजे व्याजावर व्याज कसं चढतं ते डोळ्यांना दिसेल. त्याच्यापुढे १.०८ पाच वेळा गुणत बसण्यात काही शिकण्यासारखं नाही, तिथे मशीन घ्या, १४,६९३ रुपये आणि २८ पैसे येतात. पण इथे पण आधी अंदाज, सरळव्याजाने वर्षाचे आठशे म्हणजे पाच वर्षांचे चार हजार, म्हणजे उत्तर चौदा हजाराच्या थोडं वर यायला हवं. आलं, तर विश्वास ठेवा.

अकरावीला गेली की सायंटिफिक कॅल्क्युलेटर विकत घ्याल, तेव्हा तो वापरायला शिकवा, नुसता हातात देऊ नका. हे मी मनापासून सांगते कारण ह्याचं नुकसान मी जवळून बघितलंय. मी शिकवायचे तिथे, शाळेचं नाव सांगत नाही, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला काचेच्या स्लॅबचा प्रयोग होता, प्रकाशाचा किरण आत जाताना किती वळतो ते मोजायचं. मुलाने कोन अगदी बरोबर मोजलेले, बाहेर तीस अंश, आत एकोणीस अंश. आता साइन तीस भागिले साइन एकोणीस, उत्तर दीडच्या थोडं वर, १.५४ यायला हवं, काचेचं साधारण तेवढंच असतं. त्याने लिहिलं उणे ६.५९. जर्नलमध्ये, स्वच्छ अक्षरात, खाली पट्टीने दोन रेघा मारून. त्याचा कॅल्क्युलेटर डिग्रीऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्याच मापावर होता, वर कोपऱ्यात डी च्या जागी एक बारीक आर असतो तेवढाच, आणि रेडियनवर साइन ३० म्हणजे उणे ०.९८८ येतो. चूक कुणाच्याही हातून होते, ती मला खटकली नाही. मला लागलं ते हे की उणे उत्तर बघून त्याचा हात थांबला नाही. साइन तीस म्हणजे अर्धा हे त्याला दहावीत पाठ होतं हो! पण मशीन म्हणालं म्हणून त्याने स्वतःला माहीत असलेलं बाजूला ठेवलं. त्या दिवसापासून मी अकरावीच्या पहिल्याच तासाला सगळ्यांना कॅल्क्युलेटर काढायला लावायचे आणि साइन ३० दाबायला सांगायचे, ०.५ आलं नाही तर पुढे जायचं नाही. तुमच्या मुलीला पण ही सवय लावा, कॅल्क्युलेटर चालतो त्या पेपरला बसल्यावर पहिलं बटण साइन ३०.

मुलीला मशीन आणि डोकं असा काही झगडा वाटत असेल तर तिला दामोदर कोसंबींबद्दल सांगा. आपल्या गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले गणिती, पणजीत ज्यांच्या नावाने विचार महोत्सव होतो ते. हा माणूस १९४८-४९ मध्ये युनेस्कोची फेलोशिप घेऊन इंग्लंड-अमेरिकेला गेला ते गणना करणारी यंत्रं कशी चालतात ते शिकायला, कॉम्प्युटर नावाची वस्तू जगात नुकती कुठे उभी राहत होती तेव्हा. आणि हाच माणूस जुनी नाणी एकेक करून तराजूत घालून वजन करायचा, हजारो नाणी, हाताळून हाताळून नाणं किती झिजतं ते मोजायला. यंत्राची ओढ पण होती आणि एकेका आकड्याला स्वतः हात लावायची तयारी पण.

सासऱ्यांबद्दल राहिलं. त्यांच्याकडे घरातली सगळ्यात मोठी ठेव आहे, फक्त ती जशी बाहेर येतेय तशी पोरीला नकोय, कारण तिला त्यातून "तुम्हाला काही येत नाही" एवढंच ऐकू येतं. त्यांना म्हणावं म्हणून दाखवू नका, तिच्या पुस्तकातलं गणित घ्या. पंचवीस टक्के म्हणजे पाव, पन्नास म्हणजे निम्मं, पंचाहत्तर म्हणजे पाऊण, सव्वाशे टक्के म्हणजे सवायकी. ती साठाचे पंचाहत्तर टक्के काढायला ६० गुणिले ७५ भागिले १०० अशी दहा बटणं दाबते, आजोबा "साठाचे पाऊण, पंचेचाळीस" म्हणून मोकळे होतात, तिचं बोट पहिल्या बटणावर असतानाच. एकदा तिच्यासमोर हे होऊ द्या, शर्यतीसारखं, दोघांना पाच-पाच गणितं. ती हरेल, आणि हरल्यावर विचारेल कसं केलंत. मग आजोबांनी सांगावं. जीएसटीचं तिने आजोबांना शिकवावं, अठरा टक्के काढायचे तर आधी वीस टक्के काढून त्यातला दहावा भाग कमी करायचा, साडेबाराशेचे वीस टक्के अडीचशे, त्यातून पंचवीस गेले, दोनशे पंचवीस. हे पावकीत नव्हतं, हे नवीन आहे, आणि आजोबांना काहीतरी शिकवायला मिळालं की मुलगी उठून आत जाणार नाही.

सकाळी पोदेर म्हणजे पाववाला आला की पैसे पण तिलाच देऊ द्या, उंडे किती, पोळ्या किती, शंभराची नोट दिली तर परत किती, मोबाईल चार्जिंगला असतो तेवढ्यात होऊन जातं.

आणि हो, आजोबांना एवढं नक्की सांगा, औटकी आत्ताच काढू नका. साडेतीनचा पाढा हल्लीच्या मुलांना फार लांबचा वाटतो. दिडकीपर्यंत, म्हणजे दीडच्या पाढ्यापर्यंत आली की मला कळवा.